कृषिपंपांचे दूरनियंत्रण

विहीर, कूपनलिका, शेततळे किंवा नदीकाठावर बसविलेला विद्युत पंप प्रत्यक्ष जागेवर न जाता चालू-बंद करणे आणि त्याच्या स्थितीवर लांबून लक्ष ठेवणे, याला कृषिपंपांचे दूरनियंत्रण म्हणतात. यासाठी लागणारे उपकरण बाजारात ‘मोबाइल स्टार्टर’ या नावाने ओळखले जाते. पंपाच्या मूळ स्टार्टरला जोडलेली ही पेटी मोबाइल जाळ्यावरून आलेला फोन, लघुसंदेश किंवा ॲपमधील आज्ञा ओळखते, मोटार सुरू वा बंद करते आणि वीज आली-गेली, पाणी संपले, फेज तुटला अशा घटनांची वर्दी मालकाला देते. महाराष्ट्रात, विशेषतः रात्रीच्या वीजपुरवठ्यावर ओलित करणाऱ्या भागांत, या उपकरणांचा प्रसार झाला आहे. वीजबचत, आज्ञेची सुरक्षितता आणि वापराच्या नोंदींचा खासगीपणा हे या तंत्राशी निगडित असलेले तीन प्रश्न होत. ते वेगवेगळे मांडले जात असले, तरी शेतावर ते एकमेकांत गुंतलेले आढळतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात गावठाणाच्या वीजवाहिन्या आणि शेतीच्या वीजवाहिन्या वेगळ्या करण्यात आल्यानंतर कृषिपंपांना थ्री-फेज वीज ठरावीक तासांपुरतीच मिळू लागली. चक्राकार वेळापत्रकानुसार काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री हा पुरवठा होतो. त्यामुळे रब्बी हंगामात ऐन थंडीत मध्यरात्री शेतात जाणे ही शेतकऱ्याची नित्याची बाब झाली. साप, विंचू, रानडुक्कर यांचे भय, ओल्या जमिनीवर उभे राहून लोखंडी पेटीला हात लावण्याचा धोका आणि एवढे करूनही वीज मध्येच गेल्यास पुन्हा खेप, हे या व्यवस्थेचे मोल होते. दूरनियंत्रणाची गरज यातूनच निर्माण झाली. ती चैनीची वस्तू म्हणून आली नाही, हे पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावे लागते.

भारतातील आरंभीच्या प्रयत्नांत पुण्यातील अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाचा उल्लेख केला जातो. साध्या मोबाइल फोनवरून पंप चालविणाऱ्या या उपकरणाला २००९ साली नोकिया कंपनीच्या नवकल्पना स्पर्धेत पारितोषिक मिळाले. त्यानंतर अनेक उत्पादकांनी कमी-अधिक क्षमतेची उपकरणे बाजारात आणली.

अमरावती जिल्ह्यात या तंत्राची निकड जागोजागी बदलते. पेढी नदीकाठचे वलगाव हे अमरावती–परतवाडा मार्गावरील गाव या दृष्टीने दोन प्रदेशांच्या मध्ये येते. पश्चिमेस भातकुली, दर्यापूरकडे पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूजल क्षारयुक्त असल्याने त्यावर ओलित करणे अवघड जाते. उत्तरेस व ईशान्येस अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत आणि त्या बहुतांशी विहिरी व खोल कूपनलिकांवर जगतात. वरुड व मोर्शी तालुक्यांतील भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक असल्याने शासकीय मूल्यमापनात ते अतिशोषित गणले गेले आहेत. अशा ठिकाणी पंप किती वेळ चालला, हा केवळ वीजबिलाचा प्रश्न राहत नाही.

रचना व कार्यपद्धती

पंपाचा नेहमीचा डीओएल स्टार्टर हिरवे बटण दाबताच मोटार सुरू करतो. आतील ‘नो-व्होल्ट कॉइल’ विजेच्या जोरावर संपर्क धरून ठेवते. वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, कोणीतरी बटण पुन्हा दाबावे लागते. ही गैरसोय नसून जाणूनबुजून ठेवलेले संरक्षण आहे, कारण वीज नसताना मोटारीजवळ काम करणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

मोबाइल स्टार्टरमध्ये सिमकार्ड असलेला संदेशवहन भाग, एक सूक्ष्मनियंत्रक, बटणांचे काम करणारे रिले आणि तीनही फेजचा दाब व प्रवाह मोजणारे संवेदक असतात. वीज नसतानाही वर्दी देता यावी म्हणून लहान बॅटरी दिलेली असते. मोटारीचा प्रवाह नेहमीपेक्षा कमी झाल्यास विहिरीतले पाणी खाली गेल्याचे समजून उपकरण पंप बंद करते. यास कोरड्या चालीपासूनचे संरक्षण म्हणतात. प्रवाह जास्त झाल्यास, एखादा फेज तुटल्यास किंवा फेजचा क्रम उलटल्यासही मोटार थांबविली जाते.

आज्ञा घेण्याच्या पद्धती प्रामुख्याने तीन आहेत. पहिलीत उपकरण केवळ फोन करणाऱ्याचा क्रमांक पाहते किंवा फोन उचलून कळफलकावरील आकडे ऐकते. दुसरीत लघुसंदेशातील ठरावीक शब्द वाचले जातात. तिसरीत उपकरण इंटरनेटवरून उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडलेले असते आणि शेतकरी ॲपमधून आज्ञा देतो. मोबाइलचा संकेत पोहोचत नाही अशा ठिकाणी लोरा हे कमी शक्तीचे, लांब पल्ल्याचे रेडिओ तंत्र वापरता येते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात त्यासाठी परवाना लागत नाही.

ऑटोस्विच आणि रोहित्र

दूरनियंत्रणाच्या आधीपासून वापरात असलेले आणि आजही सर्वाधिक आढळणारे स्वयंचलन म्हणजे ‘ऑटोस्विच’. वीज येताच तो स्टार्टर आपोआप चालू करतो, म्हणजेच नो-व्होल्ट कॉइलने दिलेले संरक्षण काढून टाकतो. रात्री दोनला लाइन आली तरी शेतकऱ्याला उठावे लागत नाही, हा त्याचा लाभ उघड आहे. तोटा मात्र एकट्या शेतकऱ्याच्या पेटीत दिसत नाही, तो रोहित्रावर, म्हणजे बोलीभाषेतील ‘डीपी’वर दिसतो.

थेट जोडलेली मोटार सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. उदाहरणार्थ, १०० केव्हीए क्षमतेचे रोहित्र सुमारे १३० अँपिअर प्रवाह पेलते. त्यावर ५ अश्वशक्तीचे १५ पंप असतील आणि प्रत्येक पंप चालू स्थितीत सुमारे साडेसात अँपिअर घेत असेल, तर एकूण भार ११२ अँपिअरच्या आसपास राहतो आणि तो रोहित्राच्या क्षमतेत बसतो. परंतु सर्व पंपांना ऑटोस्विच असल्यास लाइन येताच पंधराही मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि मागणी ६५० अँपिअरच्याही पुढे जाते. दाब कोसळतो, दाब कोसळल्याने मोटारी लवकर वेग घेत नाहीत आणि म्हणून वाढीव प्रवाह अधिक वेळ टिकतो. फ्यूज उडतात. फ्यूजच्या जागी जाड तार लावलेली असल्यास झळ थेट रोहित्राच्या वेटोळ्यांना बसते. ऐन हंगामात जळालेली डीपी बदलून मिळेपर्यंत त्यावरील सर्वांचे ओलित थांबते, ऑटोस्विच न लावणाऱ्यांचेही.

यामुळे महावितरण ऑटोस्विच काढून टाकण्याचे आणि त्याऐवजी कपॅसिटर बसविण्याचे आवाहन शेतकऱ्यांना वारंवार करते. हे आवाहन तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे, पण रात्रीची फेरी टाळण्याचा दुसरा मार्ग त्यातून मिळत नाही. दूरनियंत्रित स्टार्टर तो मार्ग देऊ शकतो, मात्र त्याची जुळणी योग्य असली तरच. बहुतेक उपकरणांत ‘ऑटो’ ही निवड असतेच आणि ती चालू ठेवल्यास हे महागडे उपकरण ऑटोस्विचचेच काम करू लागते. लाइन आल्यानंतर पंप किती सेकंदांनी सुरू व्हावा, हा विलंब उपकरणात ठरविता येतो. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून हे विलंब वेगवेगळे ठेवल्यास मोटारी एकापाठोपाठ सुरू होतात आणि वरील उदाहरणातील रोहित्रास इजा होत नाही. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पंधरा जणांची एक बैठक पुरते.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर संगणक-सुरक्षेच्या अभ्यासातही उपस्थित झाला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली असे दाखविले, की इंटरनेटला जोडलेली मोठ्या वीजवापराची घरगुती उपकरणे एखाद्या हल्लेखोराच्या ताब्यात गेल्यास ती एकदम चालू वा बंद करून वीजजाळ्याचा समतोल बिघडविता येईल. ऑटोस्विच लावलेली वीजवाहिनी ही त्याची लहान आवृत्ती होय. फरक इतकाच, की येथे कोणी हल्लेखोर नसतो.

विजेची बचत

दूरनियंत्रण पेटी स्वतः अत्यल्प वीज घेते. अडीच वॅटचे उपकरण वर्षभर अखंड चालू राहिले तरी सुमारे २२ युनिट खर्च होतात. ५ अश्वशक्तीची मोटार (१ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट) कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास ताशी साडेचार युनिटांहून थोडी अधिक वीज घेते. म्हणजे वर्षाकाठी पाच तासांची अनावश्यक चाल टळली, तरी पेटीचा खर्च भरून निघतो. अशा अनावश्यक चालीत केवळ वीज वाया जात नाही. पाणी ४० मीटरवरून उचलावे लागत असल्यास असा पंप तासाला साधारण १५ ते २० हजार लिटर पाणी उपसतो.

बचत होतेच असे मात्र नाही. पंप सहज चालू करता येऊ लागल्यावर तो अधिक वेळ चालविला जाण्याची शक्यताही तितकीच असते. राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेनुसार साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज देण्याचे ठरले. कर्जबाजारी शेतकऱ्याला यातून दिलासा मिळाला. त्याचबरोबर वीज वाचविण्याचे आर्थिक कारणही नाहीसे झाले. अशा स्थितीत पंप वेळेवर बंद करण्याची प्रेरणा पाण्याच्या टंचाईतून किंवा पिकाच्या गरजेतूनच येऊ शकते.

कपॅसिटर हा बचतीचा सर्वांत स्वस्त उपाय मानला जातो. मोटार चुंबकीय क्षेत्रासाठी जो अतिरिक्त प्रवाह ओढते, तो कपॅसिटर जागेवरच पुरवितो. ५ अश्वशक्तीच्या मोटारीस साधारणतः २ केव्हीएआर क्षमता पुरते. त्यामुळे तारांतील तोटा घटतो आणि दाब सुधारतो. शेतकऱ्याच्या बिलात त्याचा परिणाम दिसत नसल्याने तो बसविण्याकडे, बसविलेला बिघडल्यास बदलण्याकडे, बहुधा दुर्लक्ष होते.

सुरक्षितता

कृषिपंपाच्या संदर्भात सुरक्षिततेचा पहिला अर्थ शारीरिक आहे. लांबून सुरू होणारी मोटार जवळ असलेल्या माणसाला पूर्वसूचना देत नाही. वायर जोडत असताना, झडप साफ करताना किंवा विहिरीत उतरलेले असताना घरून कोणी बटण दाबले, अथवा ‘ऑटो’ निवडीमुळे वीज येताच पंप सुरू झाला, तर अपघात अटळ असतो. फोनवर ‘पंप बंद’ असा संदेश येणे हा पुरवठा तुटल्याचा पुरावा नव्हे. काँटॅक्टरचे संपर्क वितळून चिकटलेले असल्यास रिले सुटूनही मोटार चालूच राहते. म्हणून प्रवाह प्रत्यक्ष मोजून शून्य आल्यावरच वर्दी देणारी उपकरणे अधिक विश्वसनीय ठरतात. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच पाडणे आणि किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवणे, ही जुनी रीत दूरनियंत्रण आल्यानंतर अधिकच आवश्यक झाली आहे. पेटीचे अर्थिंग आणि गळतीप्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच यांना पर्याय नाही.

दुसरा अर्थ आज्ञेच्या खरेपणाचा आहे. आज्ञा देणारा खरोखर मालकच आहे, हे उपकरण कसे ओळखते? केवळ फोनक्रमांक पाहणारी पद्धत कमकुवत आहे, कारण समोर दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो. टू-जी जाळ्यात मोबाइल संच स्वतःची ओळख मनोऱ्याला पटवून देतो, मनोरा मात्र संचाला आपली ओळख देत नाही. त्यामुळे बनावट मनोरा उभारणे शक्य होते. या जाळ्यातील ‘ए-५/१’ ही सांकेतिक पद्धत भेदता येते, हे २००९ च्या सुमारास जाहीरपणे दाखवून देण्यात आले. लघुसंदेशातील आज्ञाही उघड मजकुरातच जातात.

तथापि एखाद्या शेतातील पंपासाठी कोणी बनावट मनोरा उभारील, ही भीती अवास्तव होय. प्रत्यक्षातील उणिवा साध्या असतात. कारखान्यातून आलेला ‘१२३४’सारखा परवलीचा अंक बदललेला नसतो. पेटी बसवून देणाऱ्या कारागिराचा क्रमांक चाचणीसाठी नोंदविलेला असतो आणि तो तसाच राहतो. वऱ्हाडात सालदाराचे साल बहुधा गुढीपाडव्याला बदलते, पण त्याचा क्रमांक उपकरणाच्या यादीतून काढला जात नाही. वापरात नसलेला क्रमांक मोबाइल कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते, तेव्हा पंपाची किल्ली नकळत अनोळखी माणसाच्या हाती जाते. पेटीतल्या सिमचे रिचार्ज संपल्याने उपकरण ऐन वेळी मुके होणे, हाही सुरक्षिततेचाच प्रश्न होय. यंत्रांसाठीच्या सिमला २०१८ पासून १३ अंकी स्वतंत्र क्रमांक देण्याची पद्धत भारतात सुरू झाली असली, तरी शेतातील पेट्यांत साधी ग्राहक-सिमही वापरली जातात.

चुकीच्या वेळी पंप सुरू झाल्याचे नुकसान संत्रा बागायतदारास सर्वाधिक जाणवते. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडांना ‘ताण’ दिला जातो. ताण पुरा झाल्यावर पाणी सोडले की नवती व फुले येतात. मृग बहारासाठी हाच ताण उन्हाळ्यात दिला जातो. ताणाच्या काळात एका रात्री नकळत पाणी सुटले, तर ताण मोडतो आणि त्या हंगामातील फुलोरा बिघडतो. म्हणून ताणाच्या काळात ॲपमधून पंप बंद ठेवण्यावर न विसंबता मुख्य स्विच पाडून ठेवणे श्रेयस्कर.

सर्व्हरवर चालणाऱ्या पद्धतीत धोक्याचे स्वरूप बदलते. तेथे एकेका पेटीऐवजी हजारो पेट्या एकाच दाराआड असतात. सन २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या दुष्प्रणालीने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-परवलीच्या जोड्या वापरून लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला झाला. अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. पंपाच्या उपकरणांत मिराईचा धडा असा लागू होतो: प्रत्येक पेटीची परवली निराळी असावी, पेटी आणि सर्व्हर यांच्यातील संवाद सांकेतिक असावा आणि पेटीतील प्रणाली अद्ययावत करण्याची सोय असावी. ही शेवटची सोय स्वस्त उपकरणांत नसते. उत्पादकाने सर्व्हर बंद केल्यास पेटी निरुपयोगी होऊ नये म्हणून लघुसंदेशाचा किंवा हाताने चालविण्याचा मार्ग उघडा असणेही तितकेच महत्त्वाचे.

वीजयंत्रणेवरील सायबर हल्ल्याचा प्रश्न महाराष्ट्रात १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई परिसरातील वीज खंडित झाल्यानंतर चर्चेत आला. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ही घटना मानवी चुकीमुळे घडल्याचे सांगितले.

खासगीपणा

पंपाच्या नोंदी वरकरणी निरुपद्रवी वाटतात. पंप किती वाजता सुरू झाला, किती तास चालला, प्रवाह किती होता, एवढेच त्यांत असते. परंतु त्यांवरून शेतात माणूस केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे कळते, आणि तांब्याच्या केबल व मोटारी चोरीला जाणाऱ्या भागात ही माहिती मोलाची ठरते. विहिरीतील पाणी कोणत्या महिन्यात आटते, हेही कोरड्या चालीच्या नोंदींवरून समजते. जमिनीचे मोल ठरविताना किंवा पीककर्ज देताना अशी माहिती कोणाच्या हाती आहे, याला अर्थ प्राप्त होतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार उपशावर नियमन करता येते. त्यामुळे उपशाच्या नोंदी भविष्यात पुरावा म्हणून वापरल्या जाऊ शकतात. भूजल वाचविण्याच्या दृष्टीने ते इष्टही असेल, पण शेतकऱ्याला तसे सांगून त्या गोळा केल्या गेल्या पाहिजेत.

सामायिक विहिरीवर हा प्रश्न घरातच उभा राहतो. भावाभावांत किंवा शेजाऱ्यांत पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पूर्वी पाळी चुकली की बोलाचाली होई आणि विषय मिटे. आता ॲपमध्ये कोणी किती मिनिटे जास्त घेतली याची तारीखवार नोंद राहते आणि ती केवळ ज्याच्या नावावर खाते आहे त्यालाच दिसते. सामायिक पंपावर सर्व हक्कदारांना सारखी नोंद दिसेल अशी सोय असणे म्हणूनच न्याय्य ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. नाव, फोनक्रमांक आणि शेताचे स्थान यांच्याशी जोडलेल्या पंपनोंदी या कायद्याच्या अर्थाने वैयक्तिक माहितीत मोडतात. घरगुती वीजमीटरच्या बाबतीत असाच वाद अन्यत्रही झाला आहे. नेदरलँड्समध्ये २००९ साली स्मार्ट मीटर सक्तीचे करणारे विधेयक खासगीपणाच्या आक्षेपामुळे वरिष्ठ सभागृहात अडले आणि पुढे सक्ती वगळून ते मार्गी लागले.

सौर पंपांवरील देखरेख

केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेखाली (२०१९) आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेखाली बसविल्या जाणाऱ्या पंपांत दूरदेखरेखीची यंत्रणा आधीच अंतर्भूत असते. पंपाने दिवसभरात किती वीज निर्माण केली, किती तास काम केले, नियंत्रकात कोणता बिघाड आहे, याची माहिती सिमकार्डाद्वारे सर्व्हरवर जाते. योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के वाटा भरावा लागतो, उर्वरित रक्कम अनुदानातून येते. सार्वजनिक पैशातून बसविलेला पंप खरोखर चालतो की नाही, हे पाहण्याचा शासनाचा अधिकार त्यामुळे मान्य करावा लागतो. बिघाड लवकर लक्षात येणे हे शेतकऱ्याच्याही हिताचे असते.

सौर पंपाने रात्रीच्या ओलिताचा प्रश्न मुळातूनच सुटतो, कारण तो दिवसाच चालतो. रोहित्रावरील एकत्रित सुरुवातीचा भारही राहत नाही, शिवाय नियंत्रक मोटारीचा वेग हळूहळू वाढवितो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (२०१७, दुसरा टप्पा २०२३) पंप जुनेच राहतात, मात्र त्यांच्या वाहिनीला उपकेंद्राजवळील सौर प्रकल्पातून दिवसा वीज देण्याचा उद्देश आहे. या वाहिन्यांवर ऑटोस्विच राहिल्यास सकाळी लाइन येण्याच्या क्षणी मोटारी पूर्वीप्रमाणेच एकदम सुरू होतात. अशा ठिकाणी विलंबाची जुळणी रात्रीच्या पुरवठ्याइतकीच गरजेची राहते.